मांडीवरचं सूप आणि खांद्याचं चाक

2009 साली सोलापूरच्या साखर पेठेत दहा बाय बाराच्या गाळ्यात फिजिओथेरपीचा दवाखाना टाकला, तेव्हा माझ्याकडे एक टेन्स (त्वचेवरून सौम्य वीज देऊन दुखणं कमी करणारं यंत्र), शेकाची पेटी आणि सांध्याचा कोन मोजायचा कॉलेजातला गोनिओमीटर एवढंच होतं. आखडलेला खांदा फिरवायचं भिंतीवरचं चाक परवडत नव्हतं. ते शेजारच्या कारखान्यातल्या, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरमामांनी करून दिलं. यंत्रमागाचं जुनं चाक, त्याला सागवानी मूठ, आणि बेअरिंग असं बसवलेलं की हात सुटला तरी झटका बसत नाही. जड हवं असेल तर मागचा नट अर्धा फेरा आवळायचा. पुढे मी विकतची दोन चाकं घेतली, पण मामांच्या चाकाची सर त्यांना आली नाही.

मामांनी मला आणखी एक गोष्ट दिली. तीन महिन्यांपुढे गेलेल्या दुखण्यात बऱ्याचदा मज्जासंस्थाच हळवी होते आणि इजा भरली तरी दुखणं उरतं, हे यंत्रमाग कामगारांना माझ्याच्याने पटवून देता येत नव्हतं. मामा म्हणाले, "सांगा त्यांना, वेफ्ट फोर्क बिघडला की धागा शाबूत असतानाही माग बंद पडतो. तिथं धागा काय बघत बसायचा?" वेफ्ट फोर्क म्हणजे आडवा धागा तुटला की माग थांबवणारा काटा. आजही मी हेच सांगते. मग झोप, काळजी, कामाचे तास हे विषय आपोआप निघतात.

विड्या वळणाऱ्या अक्का पहिल्याच वर्षी आल्या. मान आणि उजवा खांदा चार वर्षं दुखत होता, बोटांना मुंग्या. गळ्यात पट्टा, पिशवीत गोळ्यांची पाकिटं. मी टेन्स लावलं की दोन तास बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टेन्स वाईट नाही. 1965 साली मेलझॅक आणि वॉल यांनी गेट कंट्रोलचा सिद्धांत मांडला, त्यावरच ते उभं आहे. पण ते दुखण्याचा निरोप अडवतं, निरोप धाडणाऱ्याला हात लावत नाही. शेवटी एका दुपारी मी त्यांच्या घरी जाऊन बसले. मांडी घालून बसलेल्या अक्का, मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं, मान पूर्ण खाली. दिवसाला हजार विड्या. मी तासभर मोजत होते, मान एकदाही वर आली नाही.

सुपाखाली पाट आला, पाठ भिंतीला टेकली, विड्यांचा प्रत्येक कट्टा (जुडी) बांधून झाला की उठून पाणी प्यायचं ठरलं. पट्टा काढला, कारण महिनोन्‌महिने पट्टा घालून मानेचे स्नायू दुबळे होतात. व्यायाम दोनच दिले. आणि मुलीच्या लग्नाच्या कर्जापायी रात्र रात्र झोप नव्हती, तेही त्या दिवशी बोलून झालं. फरक पडायला पाच महिने लागले. ते पाच महिने अक्का एक दिवसही चुकल्या नाहीत.

मधली वर्षं बरी गेली. 2017 मध्ये माझ्याच हाताखाली शिकलेल्या एकाने समोरच दुकान थाटलं. मोठं यंत्र, एसी, आणि पाटी : दहा बैठकांत मणक्याची गादी जागेवर. एमआरआयवर बोट ठेवून माणसाला घाबरवायचं. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांपैकी सुमारे 30 टक्के जणांच्या एमआरआयमध्येही गादी फुगलेली दिसते, ऐंशीत 84 टक्के, हे तो माझ्याकडेच शिकला होता. आणि वर रुग्णांना सांगायचा, "त्या बाई नुसते व्यायाम सांगतात, त्याचे कसले पैसे?" हे वाक्य मला अजून झोंबतं. घरी जाऊन काम बघणं, तासभर ऐकणं, याची पावती फाडता येत नाही म्हणून ते फुकटचं ठरतं का?

माझीही चूक झाली. चढाओढीत मी कर्ज काढून ट्रॅक्शनचं, म्हणजे मणका ताणायचं, महागडं यंत्र घेतलं. हप्ता फिटावा म्हणून गरज नसलेल्यांनाही त्यावर झोपवलं. ते आठवलं की आजही वाईट वाटतं. त्यात मार्च 2020 आला आणि सगळं बंद. दोन महिने मदतनीस मुलीला पगार देता आला नाही. गाळा सोडायचा निरोप मी मालकांना देऊन टाकला होता.

दवाखाना पुन्हा उघडला त्या आठवड्यात अक्का आल्या, मागे गल्लीतल्या सहा बायका. "हिला पण घरी येऊन बघा," म्हणाल्या. त्या सहा जणींवर पुढचा महिना निघाला, मग त्यांच्या ओळखीतल्या आल्या. यंत्र मी निम्म्या किमतीत विकलं.

एवढं लिहिते आहे तर सांगून ठेवते. खांदा आखडला असेल तर आधी रक्तातली साखर तपासा, मधुमेहींमध्ये ते जास्त होतं. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा जात असेल किंवा मांड्यांमधली जागा बधिर होत असेल, तर माझ्याकडे येऊ नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा, त्याच दिवशी. आणि माझ्याकडे याल तेव्हा एमआरआयच्या आधी तुमची कात्री आणा, खुर्चीचा फोटो आणा, रात्री किती वाजता जाग येते ते लिहून आणा.

जॉबरमामा आता नाहीत. त्यांचं चाक ट्रॅक्शन यंत्राच्या जागी भिंतीवर बसवलंय. खंडेनवमीला आधी त्याला हळदकुंकू लागतं, मग टेन्सला.