बाइकवरचा फोन-डॉक: पकड घट्ट, पाया मऊ

नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त मोबाइल होल्डरांची रचना नेमकी उलटी असते. हँडलला ते करकचून आवळलेले असतात आणि फोन मात्र एका स्प्रिंगच्या जबड्यात नुसता अडकवलेला. इंजिनाची सगळी थरथर फोनपर्यंत थेट पोचते, वर तो जबड्यात खडखडतो तो वेगळाच. स्वतः डॉक, म्हणजे असा होल्डर, डिझाइन करायचा तर ही दोन कामं आधी वेगळी करा. फोन ट्रेमध्ये तसूभरही हलता कामा नये, आणि तो ट्रे हँडलपासून रबरावर सुटा असावा.

एका सिलिंडरच्या गाडीत मुख्य थरथर क्रँकच्या फेऱ्यांइतकीच असते. ४,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला सुमारे ६७ हेलकावे. हँडल मध्यापासून जेमतेम ०.२ मिमी हलत असलं तरी त्या गतीला त्वरण साडेतीन ‘जी’च्या (गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीन पटीच्या) वर जातं. स्क्रीनला याचं फारसं काही वाटत नाही, मार बसतो कॅमेऱ्याला. हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून आतलं भिंग चुंबकांच्या जोरावर सरकतं ठेवलेलं असतं. सततच्या थरथरीनं ती यंत्रणा बिघडू शकते आणि मग फोकस धरत नाही. दणकट मोटरसायकलींवर आयफोन थेट बसवू नका, आणि स्कूटरवरही थरथर शोषणारा माउंट लावा, असं ॲपलनं २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं.

आता रबर. लोकांचा समज असा की रबर घातलं की थरथर कमी होते. पण रबरावर टांगलेल्या वजनाची स्वतःची एक कंपनसंख्या असते, म्हणजे सेकंदाला ते आपसूक किती वेळा हलतं तो आकडा. तिच्या सुमारे १.४ पटीच्या वर गेल्यावरच थरथर गाळली जाते, त्याखाली रबर ती उलट वाढवतं. फोन २०० ग्रॅम आणि ट्रे १०० ग्रॅम धरला, आणि कंपनसंख्या २५ हर्ट्झ (सेकंदाला २५ हेलकावे) ठेवली, तर ३,६०० आरपीएमला थरथरीचा साधारण पाचवा हिस्साच फोनपर्यंत जातो. बदल्यात सिग्नलला गाडी १,३०० आरपीएमवर उभी असताना फोन बराच जास्त डोलतो. तो सौदा परवडतो, कारण आयडलिंगला इंजिनाचा जोरच कमी असतो. हा डोल मारायला १२ हर्ट्झपर्यंत खाली गेलात तर रबर इतकं लिबलिबीत होतं की नकाशा वाचता येत नाही. शिवाय आपले सिमेंट रोड. सांधे साधारण साडेचार मीटरवर, म्हणजे ताशी ४० किमीला सेकंदाला अडीच ठोके. असे ठोके कुठलंच रबर गाळत नाही; त्यासाठी ट्रेच्या हालचालीला तीन मिमीवर मऊ अडसर द्यावा लागतो. गड्ड्यातून जाताना तोच कामी येतो.

२५ हर्ट्झसाठी चार रबरांचा मिळून ताठरपणा ७.४ न्यूटन प्रति मिमी हवा, म्हणजे प्रत्येकी साधारण १.८५. रबराच्या पाकिटावर हा आकडा कुणी छापत नाही, तेव्हा घरीच मोजा. डॉकचा रबराखालचा भाग व्हाइसमध्ये (पकडयंत्रात) धरा, ट्रेवर साखरेचं एक किलोचं पाकीट ठेवा आणि ट्रे किती दबला ते व्हर्नियरनं बघा. दीड ते पावणेदोन मिमी दबला तर जमलं. हिशेबानं १.३ यायला हवं, पण थरथरताना रबर स्थिर अवस्थेपेक्षा ताठ वागतं, म्हणून थोडं मऊच निवडायचं. अर्धा मिमीच दबला तर ते रबर फक्त दिखाव्याचं. शोअर ए (रबराच्या कडकपणाचं माप) ३० ते ४० चं सिलिकॉन इथे चांगलं. साधं नैसर्गिक रबर घेऊ नका. ऊन आणि हवेतल्या ओझोननं त्याला भेगा पडतात.

चारही रबरं ट्रेच्या कोपऱ्यांकडे, शक्य तितकी लांब ठेवा. मध्यभागी एकच जाड रबर लावलं तर फोन मान हलवत बसतो. प्रत्येक रबराच्या आरपार स्क्रू आणि वर रबराच्या भोकापेक्षा मोठा वॉशर हवाच. रबर फाटलं तरी ट्रे रस्त्यावर पडणार नाही, एवढाच त्याचा उद्देश. ही गोष्ट विसरलेले डॉक सर्रास दिसतात.

पकडीचं गणित सोपं आहे. कव्हरसह २३० ग्रॅमचा फोन आणि पाच ‘जी’चा धक्का धरला तर सव्वाअकरा न्यूटन. धुळीनं माखलेल्या रबराचं घर्षण ०.५ धरलं तर दोन्ही बाजूंच्या जबड्यांनी तेवढ्याच जोरानं दाबायला हवं. दुप्पट सुरक्षितता ठेवली तर २३ न्यूटन. तरीही नुसत्या घर्षणावर विसंबू नका. चारही कोपऱ्यांना पुढून दोन-तीन मिमी ओठ द्या, आणि जबडा स्प्रिंगऐवजी स्क्रूनं किंवा दात्यांच्या पट्टीनं अडकणारा ठेवा. धक्क्यात स्प्रिंग क्षणभर उघडते आणि फोन तेवढ्यात सरकतो. जबडे पॉवर आणि आवाजाच्या बटणांवर येणार नाहीत एवढं बघा.

थ्रीडी प्रिंट करणाऱ्यांनी पीएलए हे नेहमीचं प्लास्टिक घरातल्या शोभेच्या वस्तूंसाठी ठेवावं. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) उन्हात उभ्या गाडीवरचं काळं प्लास्टिक तिथवर सहज जातं. जबडा आवळलेला असेल तर तो तसाच वाकून बसतो. पीईटीजी प्लास्टिक चालेल, एएसए उत्तम, कारण एएसए सुमारे १०० अंशांपर्यंत टिकतं आणि उन्हानं ठिसूळ होत नाही. ट्रेची पाठ उघडी, जाळीदार ठेवा. आयफोन वापरण्यासाठी भोवतालच्या हवेची वरची मर्यादा ३५ अंश दिलेली आहे. आपल्याकडे ती मार्चमध्येच ओलांडली जाते. म्हणून डॉकमध्ये वायरलेस चार्जिंग मी कधीच सुचवणार नाही. तारेपेक्षा त्यात उष्णता जास्त, आणि ती नेमकी फोनच्या पाठीला.

हँडलपासून फोनपर्यंतचा दांडा आखूडच हवा. लांबी दुप्पट केली की ताठरपणा एक अष्टमांश होतो आणि दांडा स्वतःच झुलायला लागतो. स्कूटरवर आरशाच्या दांड्याखेरीज जागा नसते. तिथे आधी आरसा बघा. ज्या वेगाला त्यातलं चित्र धूसर होतं, त्या वेगाला तिथला फोनही थरथरणार. शक्यतो दांड्याच्या मुळाशी, बोल्टखाली पट्टी अडकवून डॉक बसवा.

बहुतेक बाइकींचं हँडल २२ मिमीचं असतं. क्लॅम्पचे दोन अर्धे आवळल्यावर त्यांच्यात एक-दोन मिमी फट उरली पाहिजे. ते एकमेकांना टेकले तर पकड हँडलवर नाही, एकमेकांवरच आहे. प्लास्टिक दाबाखाली हळूहळू बसतं आणि बोल्ट आपोआप सैल होतो, म्हणून बोल्टच्या भोकात पितळी किंवा स्टीलची नळी घाला आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) वापरा. थ्रेडलॉकर (आटे चिकटवणारा द्रव) प्लास्टिकजवळ नको. एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला त्यानं तडे जातात.

चार्जिंगची तार आधी ट्रेलाच बांधा, मग चार-पाच सेंमी ढिला वळसा देऊन हँडलकडे न्या. थेट हँडलला बांधली तर ट्रेची प्रत्येक हालचाल सी-पोर्टच्या पिना घासते आणि काही महिन्यांत चार्जिंग तुटक होतं. वर, ताणलेली तार रबराला समांतर दुसरा दांडा बनते आणि मऊ पाया फुकट जातो.

चाचणीसाठी ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप पुरेसं आहे. फोन एकदा हँडलला टेपनं घट्ट बांधून आणि एकदा डॉकमध्ये ठेवून त्याच आरपीएमला त्वरण मोजा. बऱ्याच फोनांचा सेन्सर सेकंदाला २०० नोंदीच देतो, त्यामुळे १०० हर्ट्झच्या वरचं खरं दिसत नाही. ६,००० आरपीएमच्या पुढची तुलना त्यावरून करू नका. आणि टेपची चाचणी घरातल्या जुन्या, साध्या कॅमेऱ्याच्या फोनवर घ्या, नव्यावर नको.