पाणी पिणारे झाड

पहिल्या वर्षी आमचे नाताळचे झाड दहाव्या दिवशीच सुकले. फांदीला नुसता धक्का लागला तरी सुईसारखी पाने झरझर गळत आणि कितीही झाडले तरी गालिच्यात रुतून राहत. झाडच शिळे मिळाले, असे मी तेव्हा सर्वांना सांगत होतो. चूक माझी होती, हे कळायला पुढचे वर्ष उजाडावे लागले.

तोडलेले झाड ज्यात उभे करून पाणी भरतात, त्या स्टँडच्या मानाने बुंधा जाड निघाला होता, म्हणून मी सुरीने त्याची साल आणि थोडे बाहेरचे लाकूड तासून तो कसाबसा आत बसवला. खोडातले पाणी सालीलगतच्या याच बाहेरच्या लाकडातून वर चढते, म्हणजे झाडाची पाणी पिण्याची वाट मी स्वतःच्या हाताने बंद केली होती. त्यात भर म्हणजे, पाणी ओतले ते दुसऱ्या दिवशी, माळा आणि गोळे लावून झाल्यावर.

दुसऱ्या वर्षी आधी बुंध्याचे माप ठरवले, त्याला पुरेल असा मोठा स्टँड घेतला आणि मगच झाड निवडले. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचा मोह झाला होता, परंतु उबदार खोलीत नॉर्वे स्प्रूस लवकर पाने टाकतो, म्हणून नॉर्डमन फर ही दुसरी सूचिपर्णी जात घेतली. फांदी सैल मुठीत धरून टोकाकडे हात ओढला, तेव्हा हिरवी पाने हाती आली नाहीत. झाड उचलून बुडावर हलकेच आपटल्यावर आतली जुनी, तपकिरी पाने तेवढी पडली, ती पडायचीच.

घरी आणताच करवतीने बुडाची सुमारे २ सेंटिमीटर जाडीची चकती सरळ आडवी कापली आणि लगेच झाड पाण्यात उभे केले. ताजा काप सहा ते आठ तासांहून अधिक वेळ कोरडा राहिला, तर त्याची पाणी ओढण्याची क्षमता घटते. बुंध्याच्या व्यासाच्या दर इंचामागे स्टँडमध्ये साधारण १ लिटर पाणी मावावे, असा ठोकताळा आहे. आमचा बुंधा ४ इंचांचा होता. सकाळी काठोकाठ भरलेला स्टँड रात्री जवळजवळ रिकामा दिसला, तेव्हा तो गळतो की काय म्हणून मी खाली वर्तमानपत्र पसरून पाहिले. कागद कोरडाच राहिला.

पाण्यात साखर घाला, अॅस्पिरिन घाला, असे सल्ले पुष्कळ मिळाले. मी नळाचे साधे पाणीच घातले आणि त्यापलीकडे काही लागत नाही, असे माझे मत झाले आहे. पाणी कोमट असो वा गार, फरक पडत नाही. पातळी मात्र कापाच्या खाली जाता कामा नये. खालच्या फांद्यांमुळे वाकून ओतणे जिकिरीचे होई, म्हणून लांब नळीला नरसाळे जोडले. झाड हीटरपासून आणि उन्हाच्या खिडकीपासून दूर ठेवले, एलईडीच्या माळा वापरल्या, आणि सुकत जाणारे झाड चटकन पेट घेते हे ठाऊक असल्याने त्या झोपताना आठवणीने बंद केल्या.

चौथ्या आठवड्यात त्याचे पाणी पिणे मंदावले आणि फांद्यांची टोके कडक लागू लागली. त्याच दिवशी सजावट उतरवून मी झाड बाहेर काढले. या वेळी गालिच्यावर पडलेली पाने एका सुपलीत मावली.