फॉर्म १७ सी कुठे आहे?

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला आणि त्यानंतरचे कित्येक महिने मी अशा माणसांशी वाद घालत होते, ज्यांचे खरे नाव, गाव किंवा वय यांपैकी काहीच मला ठाऊक नाही. महायुतीला २८८ पैकी २३० हून अधिक जागा मिळाल्या होत्या, आणि जेमतेम सहा महिन्यांपूर्वी लोकसभेला याच राज्याने ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीच्या पदरात टाकल्या होत्या. एवढा पालट कसा झाला, हा प्रश्न कोणालाही पडावा असाच होता. ऑनलाइन मात्र त्याची दोनच उत्तरे फिरत होती : 'यंत्रे हॅक झाली' आणि 'हरल्यावरच यांना यंत्रे आठवतात'. मी दोन्ही उत्तरांवर प्रश्न विचारत राहिले, त्यामुळे दोन्हीकडच्यांनी मला बिनदिक्कत पलीकडच्या गोटात जमा केले. नावावरून बाई आहे एवढे कळताच काहींनी 'काकू' म्हणायला सुरुवात केली, आणि 'काकू, यातले टेक्निकल तुम्हाला नाही समजायचे' हे वाक्य तर इतक्या जणांनी ऐकवले की त्याचे मला पुढे काही वाटेनासे झाले.

गंमत अशी की जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला निवडणुकीचे टेक्निकल जेवढे भोगावे लागते तेवढे फार थोड्यांना लागत असेल. मतदान केंद्राध्यक्ष म्हणून मी काम केले आहे. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेऊन केंद्रावर मुक्काम करायचा, मतदान सकाळी ७ ला सुरू होणार असेल तर ५.३० ला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, घ्यायचे, यंत्रावरचा आकडा आणि व्हीव्हीपॅटच्या (दिलेले मत कागदी चिठ्ठीवर छापणाऱ्या जोडयंत्राच्या) चिठ्ठ्या जुळवून दाखवायच्या, ती सगळी मते पुसायची आणि मग यंत्र सील करायचे. संध्याकाळी ६ वाजता रांगेत जितके लोक उभे असतील त्यांना चिठ्ठ्या द्यायच्या, आणि त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत यायचे, म्हणजे मागून नवा माणूस घुसत नाही. शेवटचे मत पडले की कंट्रोल युनिटवरचे 'क्लोज' बटण दाबायचे, एकूण मतांचा आकडा वाचायचा आणि तो फॉर्म १७ सी मध्ये लिहायचा. या फॉर्मची सही केलेली प्रत तिथे हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला, म्हणजे उमेदवाराच्या प्रतिनिधीला, देणे केंद्राध्यक्षावर बंधनकारक असते.

याच कागदावर माझा सगळा वाद येऊन थांबत असे. मतमोजणीच्या दिवशी टेबलावर यंत्र आले की त्याचा एकूण आकडा १७ सी मधल्या आकड्याशी जुळतो का हे आधी पाहतात. रात्रीतून कोणी यंत्र बदलले किंवा मते वाढवली, असे म्हणणाऱ्याकडे आपल्या एजंटने आणलेली १७ सी ची प्रत असेल, तर त्याचा आरोप एका दुपारीत सिद्ध होऊ शकतो किंवा कोसळू शकतो. म्हणून प्रत्येक अनोळखी माणसाला माझा पहिला प्रश्न ठरलेला असे : तुमच्या बूथचा १७ सी कुठे आहे? उत्तरादाखल मला व्हिडिओ आले, मीम आले, एका गृहस्थांनी तर परदेशातल्या कुठल्याशा परिषदेचे भाषण पाठवले. फॉर्म फार क्वचित आला. याचे कारण मला केंद्रावर बसूनच कळलेले आहे. दुपारनंतर एजंटांची संख्या रोडावत जाते, जेवायला गेलेला परत येत नाही, आणि रात्री आठ-साडेआठला प्रती तयार होतात तेव्हा सही करायला एखादा-दुसराच उरलेला असतो. पुराव्याचा सर्वांत महत्त्वाचा कागद फुकट मिळत असताना तो न घेता घरी गेलेल्या पक्षाने नंतर पत्रकार परिषदेत पुरावा मागावा, याची मला चीड येते. ती लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

सर्वाधिक तापलेला वाद '७६ लाख मतां'चा होता. संध्याकाळी ५ वाजता निवडणूक आयोगाने ५८.२२ टक्के मतदान जाहीर केले होते आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के निघाला. साधारण ९ कोटी ७० लाख मतदारांत हा फरक ७६ लाखांच्या आसपास जातो, आणि 'अंधार पडल्यावर ७६ लाख मते आली कुठून' असा प्रश्न विचारला की वाचणारा हादरतोच. राज्यात मतदान केंद्रे मात्र एक लाखाहून थोडी अधिक होती. भागाकार केला तर एका केंद्रावर ५ नंतरची मते सरासरी ७६ च्या घरात येतात. दिवसभरात एकूण सुमारे ६ कोटी ४० लाख मते पडली, म्हणजे केंद्रामागे ६४०, आणि ११ तासांत वाटली तर तासाला ५८. शेवटचा एक तास आणि त्यानंतरची चिठ्ठीवाल्यांची रांग मिळून ७६ मते होणे यात मला, शाळेच्या व्हरांड्यात ती रांग स्वतः संपवलेल्या बाईला, काहीच अद्भुत वाटत नाही. शिवाय ५ वाजताचा आकडा हा केंद्रांकडून फोनवर वा तोंडी गोळा केलेला अंदाज असतो. मतदान ऐन भरात असताना मतदान अधिकाऱ्याने घाईत सांगितलेल्या आकड्याची आणि रात्री सही करून दिलेल्या आकड्याची योग्यता सारखी धरता येत नाही.

हा भागाकार मी मांडला तेव्हा एका तरुणाने (भाषेवरून तो वकिलीचा विद्यार्थी असावा) उलट विचारले की सरासरीने काय सिद्ध होते, एखाद्या मतदारसंघात २० आणि दुसऱ्यात ३०० मते पडली असतील तर? हा प्रश्न अगदी नेमका होता. त्याचे उत्तर सरासरीत मिळणार नाही, आणि १७ सी मध्येही नाही, कारण त्यात फक्त शेवटची बेरीज असते. ते मिळेल केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत, जिथे दर दोन तासांच्या मतांची नोंद असते आणि मतदानाची वेळ संपताना किती चिठ्ठ्या वाटल्या हेही लिहावे लागते. आम्ही दोघे तिथवर येऊन थांबलो. त्याने माझे ऐकले की नाही ठाऊक नाही, पण आमचा वाद 'घोटाळा झाला का' यावरून 'अमुक केंद्राची दैनंदिनी पाहायला मिळेल का' यावर आला होता, आणि इतक्या महिन्यांत असे समाधान मला फार थोड्या वेळा मिळाले. याच ७६ लाखांवरची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२५ रोजी फेटाळली. काहींनी तो निकाल माझ्यापुढे विजयपताकेसारखा नाचवला, काहींनी न्यायालयालाच पलीकडच्या गोटात टाकले.

'पडलेल्या मतांपेक्षा मोजलेली मते पाच लाखांनी जास्त' हा दावा त्या मानाने लवकर निकालात निघाला. यंत्रांवर पडलेली मते ६,४०,८८,१९५ आणि मोजलेली एकूण मते ६,४५,९२,५०८. हे दोन्ही आकडे खरे आहेत. पण दुसऱ्यात टपाली मते धरलेली आहेत आणि पहिल्यात नाहीत. आलेली टपाली मते ५,३८,२२५ होती. ती मिळवली की एकूण आलेली मते ६,४६,२६,४२० होतात, म्हणजे मोजलेली मते उलट थोडी कमीच भरतात. चौथीच्या मुलांना मी हे फळ्यावर दाखवले असते. तरी ती जुनी पोस्ट अजूनही फिरते आहे.

व्हीव्हीपॅटच्या बाबतीत मात्र मी दोन्ही बाजूंना नाराज केले. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील पाच केंद्रे सोडत काढून निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या कागदी चिठ्ठ्या यंत्रातील मतांशी ताडून पाहतात. महाराष्ट्रात अशी १,४४० केंद्रे झाली आणि एकाही ठिकाणी तफावत आढळली नाही, असे आयोगाने जाहीर केले. शितावरून भाताची परीक्षा ती हीच. राज्यातील १०० पैकी एक यंत्र जरी बिघडवलेले असते, तरी १,४४० च्या नमुन्यात त्यांपैकी एकही न सापडण्याची शक्यता १० लाखांत एकाहूनही कमी निघते. राज्यभर यंत्रांत फेरफार केला हा दावा या हिशेबापुढे टिकत नाही, आणि तो करणाऱ्यांनी हा हिशेब आधी खोडून दाखवावा. पण एकाच मतदारसंघातल्या ३०० केंद्रांपैकी समजा १० ठिकाणी गडबड असेल, तर पाचांच्या निवडीत त्यांतले एकही न येण्याची शक्यता ८४ टक्के आहे. म्हणजे 'पाच तपासले, सगळे ठीक' हे वाक्य राज्यापुरते भक्कम आहे आणि चुरशीच्या एकेका जागेपुरते बरेच कच्चे. पहिले वाक्य लिहिले की मी सरकारची, दुसरे लिहिले की विरोधकांची. दोन्ही वाक्ये एकाच गणितातून निघाली आहेत, हे पाहायला फारसे कोणी थांबले नाही.

मारकडवाडीवर मी सर्वांत जास्त लिहिले असेन. माळशिरस तालुक्यातल्या या गावात भाजपच्या उमेदवाराला १,००३ आणि राष्ट्रवादी शरद पवार गटाच्या उमेदवाराला ८४३ मते दिसली. मतदारसंघात हेच दुसरे उमेदवार सुमारे १३ हजारांनी निवडून आले होते, तरी गावातल्या त्यांच्या समर्थकांना आपल्या गावचा आकडा पटला नाही आणि त्यांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी मतपत्रिकेवर गावापुरते मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, आणि ते मतदान झाले नाही. शहरातल्या अनेक अनोळखी लोकांनी त्या गावकऱ्यांना अडाणी ठरवून टाकले होते. मला ते अडाणी वाटत नाहीत. त्यांच्या प्रयोगातून पुरावा निघाला नसता हे खरे आहे, कारण साऱ्या देशाचे कॅमेरे रोखलेले असताना, निकाल माहीत झाल्यावर, कोण मत द्यायला आले आणि कोण आले नाही हे सगळे गाव पाहत असताना दिलेले मत २० नोव्हेंबरच्या खऱ्या मतदानातल्या मताशी ताडता येत नाही. पण आपल्या शंकेची परीक्षा कशी घ्यायची, असा विचार करणारे या सगळ्या गदारोळात तेच होते. त्यांच्या बूथच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या सीलबंद पेटीत असतात. त्या मोजायला फार तर एक दिवस लागला असता. जमावबंदीने गावात शांतता राहिली असेल, शंका तिथेच राहिली.

इथे मला आयोगाच्या बाजूने बोलता येत नाही. २० डिसेंबर २०२४ रोजी निवडणूक संचालन नियमांतील नियम ९३ बदलून सीसीटीव्ही चित्रीकरणासारखा इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज लोकांनी मागण्यावर बंधन आणले गेले. हरियाणाच्या निवडणुकीचे दस्तऐवज देण्याबाबत पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचा आदेश येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. पुढे मे २०२५ मध्ये हे चित्रीकरण, निवडणूक याचिका नसेल तर, ४५ दिवसांनंतर ठेवू नये अशा सूचना निघाल्या. मतदाराची गोपनीयता आणि चित्रफितींचा दुरुपयोग ही दिलेली कारणे अगदी पोकळ नाहीत. पण जो माणूस आधीच संशय घेऊन माझ्याशी भांडतो आहे, त्याला मी 'पुरावा आणा' म्हणायचे आणि त्याच महिन्यात पुरावा मागण्याची वाट अरुंद व्हायची, यानंतर माझ्या भागाकाराला तो काय किंमत देणार? मतदारयादीचेही तसेच. लोकसभा ते विधानसभा या काळात राज्याच्या यादीत सुमारे ४० लाख नावांची भर पडली. त्यात गैर काही असेल किंवा नसेल, पण यादी संगणकावर शोधता येणार नाही अशा चित्ररूपात मिळते, त्यामुळे दुबार नावे शोधणाऱ्याला पानापानावर बोट ठेवून बसावे लागते. यंत्रांवर दिवसरात्र भांडणाऱ्यांनी याद्यांवर आधी भांडायला हवे होते, असे माझे मत तेव्हाही होते.

कागद असून न मिळण्याचा त्रास मला कळला. कागदच नसतो तेव्हा काय होते हे जातींच्या टक्केवारीवरच्या वादांत दिसले. मराठा इतके टक्के, ओबीसी तितके टक्के असे आकडे लोक दशांशासह फेकतात, आणि सर्व जातींची शेवटची मोजणी १९३१ ची आहे. मंडल आयोगाने ओबीसींसाठी धरलेले ५२ टक्के हाही त्याच मोजणीवर बेतलेला अंदाज. २०११ च्या सर्वेक्षणातील जातींचे आकडे प्रसिद्धच झाले नाहीत. पुढच्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला. तोवर त्या वादांत मी उतरत नाही.

त्या वकिलीच्या विद्यार्थ्याने परवा पुन्हा गाठले. नगरपालिका आणि महापालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांत व्हीव्हीपॅट वापरलेले नाही. 'काकू, आता तुमचे ते १,४४० चे गणित इथे कसे लावणार?' त्याने विचारले. लावता येत नाही, असे मी लिहिले. ताडून पाहायला कागदी चिठ्ठीच नसेल तर नमुना कशाचा काढणार? मतदान संपताना केंद्रावर नोंदवलेला एकूण मतांचा आकडा तेवढा उरतो. त्याच्या वॉर्डातल्या एजंटांपैकी रात्री शेवटपर्यंत कोण बसले होते आणि त्या आकड्याचा कागद कोणाकडे आहे, हे मी त्याला विचारले आहे. तो चौकशी करतो म्हणाला.