आज घरी हे विचारा: वर्गातलं घरी पोचवताना आलेला माझा अनुभव

मी बडोद्यात, वाडी भागातल्या एका छोट्या ट्रस्टच्या शाळेत दुसरीला शिकवते. गुजराती माध्यम, गेल्या वर्षी वर्गात ३७ मुलं होती. मी स्वतः दांडिया बाजारात वाढलेली मराठी, पण शाळेत सगळ्यांची 'बेन'. मुलांची घरं म्हणाल तर बरीचशी गुजराती, आठ-दहा आपली मराठी, आणि सात घरं यूपी-बिहारकडची ज्यांचे बाबा मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, शिफ्टला जातात. हे आधीच सांगते कारण पुढे जो काही गोंधळ झाला आणि जे काही जमलं ते या भाषांच्या आणि शिफ्टच्या भोवतीच.

सुरुवात जून २०२४ ची. शाळा सुटल्यावर गेटपाशी एक आई मुलीला विचारत होती, आज शाळेत काय केलं? मुलगी म्हणाली, काही नाही. मी शेजारीच उभी होते. त्या दिवशी आम्ही प्रत्येकाने एकेका वाटीत मेथी पेरली होती, हात मातीने माखले म्हणून नळावर रांग लागली होती, आणि या मुलीने तर आपल्या वाटीला नावही ठेवलं होतं. आणि घरी जाऊन पोचलं काय तर 'काही नाही'. त्या आईचा चेहरा अजून आठवतो, ती रागावली नव्हती, तिला नुसतंच रिकामं वाटलं असावं. सकाळी पोरगी हातात दिली ती दुपारी परत मिळाली, मधल्या पाच तासांचं काहीच नाही.

टेट-१ ची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, तयारी करताना शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ मी पाठ केलं होतं. २००९ च्या त्या कायद्यात शिक्षकाच्या कर्तव्यांत स्पष्ट लिहिलंय की पालकांबरोबर नियमित बैठका घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती आणि इतर संबंधित माहिती त्यांना द्यायची. हजेरी आणि प्रगती आम्ही सगळेच देतो, पत्रकात देतो, सही घेतो. पण ते 'इतर संबंधित' आहे ना, मेथीची वाटी त्यात येते असं मला त्या दिवशी गेटवर वाटलं, आणि ते मी मनावर घेतलं.

पहिला उपाय सगळे करतात तोच, व्हॉट्सअॅप ग्रुप. चार दिवसांत सकाळचे जय श्रीकृष्ण, फुलांचे फोटो, कोणाच्या तरी ड्रेस मटेरियलची जाहिरात, आणि रात्री साडेदहाला 'होमवर्क शुं छे'. वर्गाबद्दल मी लिहिलेल्या दोन ओळी त्यात कुठच्या कुठे वाहून जायच्या. मग सेटिंग बदलून फक्त अॅडमिनच मेसेज टाकेल असं केलं, तर काही पालकांना वाईट वाटलं, की बेन आम्हाला बोलू देत नाहीत. म्हणून ग्रुपच बंद केला आणि ब्रॉडकास्ट लिस्ट बनवली, मला वाटलं आता प्रत्येकाला वेगळा मेसेज जाईल आणि उत्तरही मला एकटीलाच येईल. दहा-बारा दिवस मी मन लावून लिहीत होते आणि नंतर कळलं की चौदा घरी एकही मेसेज पोचलेला नाही. कारण साधं आहे पण मला कोणी सांगितलं नव्हतं, समोरच्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला असला तरच ब्रॉडकास्ट त्याला मिळतो. मग तीन दिवस सुटायच्या वेळी गेटवर उभं राहून एकेकाचा फोन हातात घेऊन 'बेन दुसरी' असं सेव्ह करून दिलं. कोणी नवीन काही करत असेल तर हे काम पहिल्याच दिवशी करा.

आता जे सांगायचंय ते सांगताना आजही जड जातं. जुलैत मी मुलांचा एक छान फोटो पाठवला, सगळे गोल बसून कागदाच्या होड्या करतायत असा. मागे भिंतीवर स्टारचा तक्ता होता, कोणाला वाचनात किती स्टार मिळाले तो, माझ्या लक्षातच आलं नाही. पालकांनी फोटो मोठा करून तक्ता वाचला. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाच्या नावापुढे एकच स्टार होता. त्या रात्री त्याला घरी मार बसला. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही, तिसऱ्या दिवशी आला तेव्हा मी वाचायला उभं केलं तर त्याचे ओठ हलेनात, आठवड्याभरापूर्वी जेवढं वाचत होता तेवढंही नाही. चूक पूर्ण माझी होती. संध्याकाळी त्याच्या घरी गेले, वडिलांशी बोलले, त्यांना सांगितलं की तो तक्ता मी चुकीच्या विचाराने लावला होता. तक्ता त्याच दिवशी काढला आणि परत कधीच लावला नाही.

तेव्हापासून फोटोत फक्त हात आणि केलेली वस्तू. हातात धरलेली होडी, मेथीचा कोंब, वहीवरचं चित्र. भिंत दिसणार नाही, चेहरा दिसणार नाही. चेहरा दाखवायचाच असेल, म्हणजे स्नेहसंमेलन वगैरे, तर आधी पालकांची लेखी परवानगी. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायला सांगितलंय, पण मला तरी कायद्यापेक्षा तो मुलगाच आधी आठवतो.

मग ऑगस्ट आला. जन्माष्टमीच्या सुमारास जो पाऊस झाला तो बडोद्यात कोणी विसरणार नाही, विश्वामित्री नदीचं पाणी धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेलं. लाइट नाही, फोन बंद, माझ्या वर्गातली नऊ मुलं नदीकडच्या खालच्या वस्तीतली आणि माझ्याकडे प्रत्येकाचा एकेकच नंबर. दोन दिवस मी नुसती लावत बसले होते. सगळी सुखरूप निघाली, पण तेव्हाच ठरवलं की माहिती पोचवायची म्हणजे नुसती आपल्याकडून जायची नाही, तिकडून यायची वाटही पक्की पाहिजे. आता माझ्याकडे एक साधी वही आहे, त्यात प्रत्येक मुलापुढे दुसरा नंबर (काका, शेजारी, कोपऱ्यावरचा किराणावाला, कोणीही), घराची खूण, आणि घरी कोणती भाषा वाचता येते ते. शाळा उघडली तेव्हा भिजलेली पुस्तकं आम्ही वर्गात दोरी बांधून चिमट्यांनी वाळत घातली होती. त्या दोरीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, पुस्तक भिजलं म्हणून घरी कोणी रागावू नका, आम्ही वाळवतोय. त्या एका मेसेजला जितकी उत्तरं आली तितकी आधी कशालाच आली नव्हती.

भाषेचंही तेव्हाच नीट कळलं. मी सगळं गुजरातीत लिहीत होते, आणि यूपीच्या एका आईने अगदी संकोचत सांगितलं की बेन, आम्हाला हिंदी वाचता येतं पण तुमच्या अक्षरांवर रेघ नसते त्यामुळे शब्दच हाती लागत नाही. म्हणजे दोन महिने ती माझे मेसेज नुसते बघत होती. तेव्हापासून दोन ओळी गुजरातीत, त्याच दोन ओळी हिंदीत, आणि खाली एक मिनिटाच्या आतला व्हॉइस मेसेज. मराठी घरांना वेगळं लिहायची गरज पडत नाही, बडोद्याच्या मराठी माणसाला गुजराती येतंच, पण एका मुलाच्या आजीसाठी मी शुक्रवारी मराठीत कागदावर चार ओळी लिहून देते. त्यांच्याकडे फोन नाही, डोळे चांगले आहेत, आणि त्या म्हणाल्या, "अहो बाई, कागद असला की संध्याकाळी परत काढून वाचता येतो."

पण तरी मूळ प्रश्न तसाच होता. मी सांगत होते, घरी वाचत होते, आणि मूल मधल्या मध्ये गप्पच. दिवाळीनंतर एकदा थकून मी मेसेज लिहिलाच नाही, नुसता एक प्रश्न पाठवला. आज घरी हे विचारा: संत्रं पाण्यात टाकलं तर बुडतं की तरंगतं? आणि सोलून टाकलं तर?

त्या दिवशी वर्गात आम्ही ते केलं होतं. बादलीत सालासकट संत्रं टाकलं, तरंगलं. सोललेलं टाकलं, गपकन तळाला. मुलं ओरडलीच, कारण सगळ्यांना वाटलं होतं की साल काढल्यावर हलकं होईल, म्हणजे वर राहील. मग साल फोडून आतला पांढरा स्पंजासारखा थर बोटाने दाबून बघितला, त्यात हवा असते, त्या सालीमुळेच फळ वर राहतं, पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात तसं.

रात्री नऊच्या सुमारास एका बाबांचा फोन आला, त्यांची खंडेराव मार्केटच्या बाहेर फळांची लारी, म्हणजे हातगाडी आहे. मला वाटलं काही तक्रार असेल. ते म्हणाले, "बेन, वीस वर्षं झाली संत्री विकतोय, मला हे माहीत नव्हतं, आज पोराने तपेलीत करून दाखवलं, चार संत्री सोलली आमच्याकडे." मागून मुलाचा आवाज येत होता, तो आईला परत समजावत होता, हवा, हवा म्हणून. हा मुलगा वर्गात सहसा बोलत नाही.

त्यानंतर मी लांब मेसेज लिहिणं सोडूनच दिलं. रोज एक प्रश्न, तो असा की ज्याचं उत्तर 'काही नाही' असं देताच येणार नाही. आज घरी विचारा, तुमच्या वाटीतल्या मेथीला किती पानं आली. विचारा, कोणाचा दात पडला आणि त्याने तो कुठे ठेवला. विचारा, ९९ च्या पुढे काय येतं आणि तिथे आकडे तीन का होतात. आया म्हणतात की जेवताना आता हेच चालतं, आणि शिफ्टवरून उशिरा येणारे बाबा सकाळी बूट घालताना विचारतात.

वाली मीटिंग, म्हणजे पालकसभाही मी बदलली. आधी मी बोलायचे आणि सगळे मान डोलवायचे, 'निपुण भारत', 'मूलभूत साक्षरता' असे शब्द ऐकून पालक घाबरून गप्प बसतात. निपुण भारत म्हणजे लहान मुलांच्या वाचन-गणितासाठीची केंद्र सरकारची मोहीम, दुसरीच्या शेवटी मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत असं तिचं उद्दिष्ट आहे, पण हा आकडा नुसता सांगितला तर तो परत त्या स्टारच्या तक्त्यासारखाच होतो. म्हणून जानेवारीच्या मीटिंगला प्रत्येक मुलाला त्याच्या आईशेजारी किंवा बाबांशेजारी बसवलं आणि म्हटलं, आवडीचं एक पान वाचून दाखव. मी फक्त फिरत होते. काही आया पहिल्यांदाच आपल्या मुलाला शाळेतलं वाचताना ऐकत होत्या. तो एक स्टारवाला मुलगा वडिलांच्या मांडीला टेकून एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होता, चार ओळींना बराच वेळ लागला, आणि वडील मध्ये एकदाही बोलले नाहीत. शेवटी त्यांनी मला विचारलं, घरी मी काय करू? मी सांगितलं, आत्ता केलंत तेच, रोज दहा मिनिटं.

आमच्याच शहरात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला दंड होता. माझ्या पणजीच्या घरात त्या दंडाची गोष्ट सांगायचे. आज माझ्या वर्गातलं एकही घर असं नाही जे मूल पाठवत नाही, रिक्षाचे पैसे नसले तर कडेवर घेऊन येतात.

आता हे दुसरं वर्ष, नवीन मुलं, ३४. नंबर पहिल्याच दिवशी सेव्ह करून घेतले, वही केली, परवानगीचे कागद झाले. एक घर राहिलंय. त्या मुलीची आई दोन ठिकाणी स्वयंपाकाला जाते, फोन भावाकडे असतो आणि रिचार्ज संपला की नंबरच बंद. व्हॉइस नाही, मेसेज नाही, मीटिंगला वेळ नाही. तर गेल्या आठवड्यापासून मी प्रश्न त्या मुलीच्या हातावरच पेनाने लिहिते, एकच शब्द, आईला वाचता येत नसलं तरी ती विचारते की हे काय लिहिलंय. सोमवारी लिहिलं होतं 'गोगलगाय'. मंगळवारी मुलगी आली ती सांगतच, आईच्या गावाला पावसात भिंतीवर इतक्या गोगलगायी यायच्या की आई त्या मोजायची.