सर, पोट्टा पुढं येते, मंग बॅच काहून नाही बदलत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मी पोरांना पोहायला शिकवतो, आणि हे उत्तर आजवर पोहण्याच्या टँकच्या जाळीपाशी, चप्पल घालता घालता, अर्धवटच देत आलोय. प्रश्न नेहमी असा येतो: "सर, माहा पोट्टा 25 मीटरमंधे सगळ्याइच्या पुढं येते. मंग त्याले वरच्या बॅचमंधे काहून नाही टाकत?" विचारणाऱ्याच्या आवाजात राग नसतो, हिशेब असतो. शालेय स्पर्धा तोंडावर असतात, दहावीचे क्रीडा गुण असतात, आणि पुढं कधीतरी सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षणही मनात असतं. त्यात गैर काही नाही.

आमचं वर्धा नदीच्या काठचं तालुक्याचं गाव. टँक 25 मीटरचा. पाणी गरम करायची सोय नाही, त्यामुळे दिवाळीनंतर होळीपर्यंत बंद. मे महिन्यात उलटं. स्पर्धेला पाणी 25 ते 28 अंशांचं लागतं; आमचं तेव्हा पहाटेच कोमट असतं आणि पोरं पाण्यात असूनही घामेघूम होतात. म्हणून खरा सराव पावसाळ्यातच.

पहिल्या वर्षी मी बॅचला ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी नावं दिली. ती चूक होती. लग्नाच्या पंगतीत बायका एकमेकींना विचारायला लागल्या, "तुह्यावाला अजून ब्राँझमंधेच हाय का?" वीरधवल खाडे यांनी 2010 च्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायमध्ये मिळवलेलं पदक ब्राँझच होतं आणि पोहण्यात भारताला ते 24 वर्षांनी मिळालं होतं, हे मी सांगून पाहिलं. ते पुढे तहसीलदार झाले, एवढंच बापलोकांच्या लक्षात राहिलं. आता बॅचला वेळेची नावं आहेत: साडेसातची, साडेसहाची, साडेपाचची. तरी कोणती वरची ते सगळ्यांना ठाऊक आहेच.

आता त्या पुढे येणाऱ्या पोराबद्दल. आमच्याकडची बरीच पोरं विहिरीत शिकून येतात, कमरेला दोर नाहीतर पाठीला डबा बांधून. खोल पाण्याची भीती त्यांच्या गावीही नसते आणि ही मोठीच शिदोरी आहे. पण विहिरीत डोकं वर ठेवूनच पोहायची सवय लागते. भिंत कुठे, वरून कोण उडी टाकतंय, हे बघावं लागतं. डोकं वर आलं की कंबर आणि पाय खाली जातात. मग पोरगं पाणी कापत नाही, ढकलत जातं. अंगात जोर असतो तोवर 25 मीटर तसे निघतात.

अशा एका पोरानं किती हात मारले ते मी मोजलं. 25 मीटरला 31 हात, 17 सेकंद. शेजारच्या लेनमधल्या मुलीला 20 सेकंद लागले, पण हात 21 च. दोघांना 200 मीटरला सोडलं. पहिल्या पन्नासला पोरगा पुढे, शंभरला बरोबरीत. त्यानं शेवटचा टर्न घेतला तेव्हा ती काठावर बसून गॉगल पुसत होती. बॅच मी बदलतो ती या दुसऱ्या गोष्टीवर: दमल्यावर हात कसा पडतो यावर.

साडेसातला पाण्यात श्वास सोडणं, तरंगणं, भिंतीवरून सरळ सुटणं, एवढंच. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. साडेसहाला येताना चारही प्रकार नियमात हवेत. ब्रेस्टस्ट्रोकला भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत, नाहीतर पहिला आलेला पोरगाही बाद होतो. जिल्ह्याला आमची अशी दोन पोरं बाद झाली आहेत. "आम्हाले तं फ्रीस्टाइलच मारायचं हाय," असं म्हणणाऱ्यांना मी कांचनमाला पांडे यांचं सांगतो. मूळच्या आपल्या अमरावतीच्या, डोळ्यांनी पूर्ण अंध. 2017 साली मेक्सिकोत जागतिक पॅरा स्पर्धेचं सुवर्ण त्यांनी 200 मीटर मेडलीत मिळवलं, म्हणजे बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, फ्रीस्टाइल, सगळंच. पूर्ण अंधांच्या गटात भिंत जवळ आली की काठावरचा माणूस लांब काठीनं अंगाला टोचून कळवतो, आणि त्या एका खुणेवर टर्न घ्यायचा असतो.

साडेपाचची अट घड्याळाची. शंभर मीटर आठ वेळा, दर 2 मिनिटं 15 सेकंदांनी निघायचं. 1:50 मध्ये पोचलात तर 25 सेकंद विसावा, 2:10 लागले तर पाचच. पहिलं आणि आठवं यांत तीन-चार सेकंदांहून जास्त फरक नको. हुशार पोरं पहिलं जोरात मारतात आणि पाचव्याला लेनचा दोर धरून उभी राहतात.

एकदा मी नमलो होतो. बारा वर्षांचा, अंगानं लवकर भरलेला, मिसरूड फुटलेला पोरगा. तालुक्याला सगळ्यांना मागे टाकायचा. घरच्यांनी धोशा लावला, मलाही मेडल हवं होतं, टाकला वरच्या बॅचला. तिथे रोज 3000 मीटर, म्हणजे 120 फेऱ्या. फेरीला 22 हात धरले तरी 2640, एकेका खांद्याला 1320. त्याचा हात आडवा होऊन डोक्यापुढे मधली रेघ ओलांडून पडायचा. मला ते दिसत होतं. तिसऱ्या महिन्यात खांदा धरला. दोन वर्षांत बाकीच्यांची उंची वाढली, पुढे असण्याची सवय झालेला तो चौथा-पाचवा येऊ लागला आणि यायचाच थांबला. बसस्टँडवर भेटतो अजून. नमस्कार करतो. तो त्या दिवसांचा विषय काढत नाही, मीही नाही.

आणि तो 31 हातांवाला? आहे अजून साडेसहालाच. त्याच्या बापाला मी एक दिवस काठावर बसवलं, म्हटलं, वेळ नका बघू, हात मोजा. आता ते जाळीला टेकून बोटांवर मोजतात. परवा मला म्हणाले, "सर, आज सव्वीस झाले. काल चोवीसच होते ना जी."

मी म्हटलं, हो, मलाही दिसलं.

"रातच्यानं वावरात डुकरं आलते. जागलीले गेलता तो माह्यासंग. झोप नाही झाली त्याची."

त्या दिवशी त्याला पाच फेऱ्या सावकाश मारायला लावल्या आणि घरी पाठवलं.