एन्सेलाडसवरून दिसणारा शनी रंगवताना

एन्सेलाडस या शनीच्या उपग्रहाच्या बर्फावर उभं राहून शनी कसा दिसेल हे मला रंगवायचं होतं, आणि नंतर ते चित्र हलतं करायचं होतं. सुरुवातीचे बरेच दिवस कागद-पेन्सिल आणि आकडेमोडीतच गेले. मला हा टप्पा फार आवडतो, कारण चित्र खरं तर इथेच ठरतं.

हा उपग्रह शनीपासून सुमारे २ लाख ३८ हजार किलोमीटरवर आहे. इतक्या जवळून शनी आकाशाचे जवळजवळ २८ अंश व्यापतो. आपला पौर्णिमेचा चंद्र जेमतेम अर्धा अंश. कड्यांचं मात्र वेगळंच. एन्सेलाडस कड्यांच्याच पातळीत फिरतो, त्यामुळे तिथून ती नुसती एक बारीक रेघ दिसते. मग रुंद कडी दाखवायची कशी? ती सावलीत दिसतात. ऊन तिरपं असलं की कड्यांची सावली शनीच्या ढगांवर रुंद पट्ट्यांनी पसरते. म्हणून मी २०१७ साल निवडलं: तेव्हा शनीच्या उत्तर गोलार्धात ऐन उन्हाळा होता आणि सावली दक्षिणेला लांबवर उतरली होती. २००९ किंवा २०२५ साली, म्हणजे सूर्य कड्यांच्या पातळीत येतो त्या विषुवाच्या सुमारास, सावलीही रेघेइतकीच उरते.

रेघ क्षितिजाला समांतर हवी होती. एन्सेलाडसच्या विषुववृत्तावरून शनी क्षितिजाशी दिसला तर ती उभी दिसते. म्हणून शनीकडे तोंड असलेल्या बाजूची, उत्तर ध्रुवाजवळची जागा घेतली.

जमीन रंगवणं सगळ्यात अवघड गेलं. डोंगर लांबचा वाटावा म्हणून आपण तो निळसर, फिकट करतो. तिथे हवाच नाही, त्यामुळे लांबचा कडाही पायाशी पडलेल्या दगडाइतकाच रेखीव. शिवाय उपग्रहाचा व्यास फक्त ५०४ किलोमीटर, म्हणजे उभ्या माणसाला क्षितिज एक किलोमीटरच्याही आत. खोली दाखवायला उरतात सावल्या आणि एकामागे एक झाकले जाणारे आकार. मी प्लास्टरचा छोटा भूभाग केला, खोलीत काळं कापड लावलं, एकच दिवा ठेवला आणि भूभाग थोडाथोडा फिरवत फोटो काढले. त्यावरून रंगवलेल्या सावल्या मला आजही पटतात.

तारे काढले नाहीत. उन्हातला बर्फ इतका लख्ख असतो की तो नीट दिसेल अशा उजेडात तारे उमटत नाहीत. पाहणारे याबद्दल हमखास विचारतात, आणि समजावून सांगायला मला आवडतं.

ॲनिमेशनमध्ये शनी जागचा हलत नाही, कारण एन्सेलाडसची एकच बाजू कायम त्याच्याकडे असते. हलतो तो प्रकाश. एक प्रदक्षिणा सुमारे ३३ तासांची. ती ३३ सेकंदांत बसवली, सेकंदाला २४ फ्रेमप्रमाणे ७९२ फ्रेम. त्या उन्हाळ्यात ध्रुवाजवळ सूर्य मावळतच नाही. तो आकाशात गोल फिरतो, बर्फाच्या सावल्या त्याच्याबरोबर वळतात आणि शनी कोरीपासून जवळजवळ पूर्ण गोलापर्यंत भरत जातो. शनी साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरतो, पण आपणही त्याच दिशेने त्याच्याभोवती जात असल्यामुळे एका प्रदक्षिणेत ढग साधारण दोनदाच समोरून सरकतात. हा वेग बसेपर्यंत मी पुन्हापुन्हा रेंडर करत राहिलो.

आता शनीचा दुसरा उपग्रह, आयापेटस, घेतलाय. त्याची कक्षा सुमारे १५ अंश कललेली आहे, त्यामुळे तिथून कडी उघडी दिसतात; शनी मात्र दोन अंशांचाच.