टी१२० ची वही: पॉइंट काढायचे की ठेवायचे

गेले चार महिने एकाच प्रश्नावर घुटमळतो आहे: पॉइंट ठेवायचे की काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं. गाडी १९७० ची ट्रायम्फ टी१२०, ६५० सीसी, दोन सिलिंडर. इग्निशन जन्मापासूनचं: लुकासचे ६सीए पॉइंट (कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारे यांत्रिक स्विच), दोन १२ व्होल्टच्या कॉइल आणि पॉइंटच्या प्लेटमागे, वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारा, वजनांचा ऑटो अ‍ॅडव्हान्स. मला अभिमान होता की ही गाडी अजून पॉइंटवर चालते. तो अभिमान आता थोडा उतरला आहे. पण उतरण्याचं कारण मी समजत होतो ते नव्हतं, म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

तक्रारी नेहमीच्याच होत्या. थंड इंजिन दुसऱ्या किकला उठायचं, गरम झालं की सात-आठ किक. सिग्नलला थांबलं की आयडलिंग कधी ९००, कधी १५००. थ्रॉटल सोडला तरी रेव्ह खाली यायला वेळ लागायचा, जणू केबल अडकली आहे. केबल अडकलेली नव्हती. उजव्या सिलिंडरवर अधूनमधून मिसिंग. मी ठरवूनच टाकलं होतं की पॉइंट गेले, आता इलेक्ट्रॉनिक.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा बॉक्स मागवायच्या आधी मल्टीमीटर काढला, आणि ते बरं झालं. बॅटरीवर १२.६ व्होल्ट. पॉइंट मिटलेले ठेवून कॉइलपाशी मोजलं तर ११.१. मधले दीड व्होल्ट कुठे गेले? थोडे किल्लीच्या स्विचमध्ये, थोडे हँडलच्या कट-आउट बटणात, थोडे हेडलॅम्पच्या आतल्या हिरव्या पडलेल्या जोडांत. दीड व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाप्रमाणे बदलते. व्होल्टेज १२ टक्क्यांनी घटलं की ठिणगीसाठीची ऊर्जा साधारण २२ टक्क्यांनी घटते. गरम इंजिनात, जिथे कॉइलचा रेझिस्टन्सही वाढलेला असतो, तिथे हेच नडत होतं.

मग एक रिले बसवला. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून रिले, रिलेतून थेट कॉइल. किल्ली आता फक्त रिले चालू करते. इंजिनपासून बॅटरीपर्यंत एक स्वतंत्र जाड अर्थिंगची वायर ओढली. फरक ०.२ व्होल्टवर आला आणि गरम इंजिन तिसऱ्या किकला उठायला लागलं. पॉइंटला अजून हातही लावला नव्हता! इलेक्ट्रॉनिक बसवल्यावर गाडी एकदम सुधारली असं सांगणाऱ्यांपैकी कितीजणांची गाडी खरं तर त्या निमित्ताने बदललेल्या वायरिंगमुळे सुधारली असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

तरी रेव्ह लटकणं गेलं नाही. टायमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी चमकणारा दिवा) लावला तर खूण जागेवर ठरेना, तीन-चार अंशांत नाचत होती. पॉइंटची प्लेट काढून ऑटो अ‍ॅडव्हान्स बाहेर घेतला. (तो कॅमशाफ्टच्या टेपरवर घट्ट बसलेला असतो. हातोडी, पेचकस काही नको. ओढून काढायचा बोल्ट वापरा.) एक स्प्रिंग ताणून लांबलेली, वजनांच्या पिना झिजलेल्या, आणि पॉइंटचा कॅम आपल्या शाफ्टवर चक्क हलतो आहे. या तुकड्याच्या मागे १२ हा आकडा ठोकलेला असतो. म्हणजे कॅमशाफ्टवर १२ अंश, क्रँकवर २४. किक मारताना टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या बिंदूच्या) आधी १४ अंश, पूर्ण अ‍ॅडव्हान्सला ३८. माझा तुकडा वजनं पूर्ण फाकल्यावर परत मिटायलाच तयार नव्हता. लटकणाऱ्या रेव्हचं मूळ तिथे होतं.

मध्येच एक लाजिरवाणी गोष्ट. डिग्री डिस्क लावून खरा टीडीसी शोधला. प्लगच्या भोकात स्टॉप घालून इंजिन हळूच दोन्ही बाजूंनी टेकवायचं आणि मधला बिंदू धरायचा. तेव्हा कळलं की अल्टरनेटरच्या रोटरवरची खूण तीन अंशांनी खोटी आहे. या रोटरचा मधला भाग सुटून किंचित फिरू शकतो हे ऐकून होतो, माझ्या गाडीत झालं असेल असं वाटलं नव्हतं. ३८ समजून मी दोन वर्षं ३५ वर गाडी चालवली. सायलेन्सरचे पाइप निळे पडतात म्हणून जेट बदलत बसलो होतो. आता खरी खूण पांढऱ्या रंगाने केली आहे. कुठलंही इग्निशन बसवा, हे आधी तपासा.

तर निवड. पहिला पर्याय म्हणजे नवा ऑटो अ‍ॅडव्हान्स घेऊन पॉइंटवरच राहायचं. यात वाईट काही नाही. ०.०१५ इंचाचा गॅप, कॅमला चिमूटभर ग्रीस, बाकी सगळं रस्त्याच्या कडेला पेचकसाने दुरुस्त होतं. पण पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे सरकतं. दोन सिलिंडरना दोन पॉइंट, आणि दोघांची टाच सारखी झिजत नाही. माझ्या उजव्या बाजूच्या मिसिंगची गोष्ट तीच होती.

दुसरा प्रकार जुना आणि खूप वापरला गेलेला. पॉइंटच्या जागी दोन छोट्या कॉइलची प्लेट, कॅमच्या जागी चुंबकांचा रोटर, आणि टाकीखाली किंवा सीटखाली बॉक्स. बॉयर ब्रान्सडेनचं नाव यात सगळ्यांना माहीत आहे, न्यूझीलंडच्या पॅझॉनचंही. ट्रायम्फने स्वतः १९७९ मध्ये टी१४० वर लुकास रीटा दिलं, तेव्हा ‘मूळ गाडीशी बेइमानी’ वगैरे म्हणणाऱ्यांनी जरा जपून. या प्रकारात बॉक्स इंजिनच्या उष्णतेपासून लांब राहतो, हे मला आवडतं. मात्र जुन्या धाटणीच्या अ‍ॅनालॉग बॉक्सना उतरलेली बॅटरी आवडत नाही. व्होल्टेज पडलं की टायमिंग पुढे सरकू शकतं, आणि मग किक उलटी येते. शिवाय चुंबक कॉइलसमोरून पुरेशा वेगाने गेला पाहिजे, अर्धवट किकला ठिणगीच पडत नाही.

तिसरा प्रकार हॉल सेन्सरचा, म्हणजे चुंबक जवळ आला की ओळखणाऱ्या सेन्सरचा. सगळं इलेक्ट्रॉनिक्स पॉइंटच्या झाकणामागे, बाहेर येतात मोजक्या वायर. ऑस्ट्रेलियाचं ट्राय-स्पार्क असंच आहे. हॉल सेन्सर वेगावर अवलंबून नसतो, त्यामुळे इंजिन हाताने फिरवत एलईडी बघून टायमिंग लावता येतं. आणि गाडी बंद असताना किल्ली चालू राहिली तर करंट आपोआप तोडतो, हे माझ्यासारख्या विसरभोळ्यासाठी मोठं काम. उष्णतेची धाकधूक आहे. झाकणाखाली तेल झिरपण्याचीही होती, म्हणून कॅमशाफ्टचं छोटं ऑइल सील आधी बदललं.

खूप घोळल्यावर तिसरा प्रकार घेतला. माझ्या गाडीचा अल्टरनेटर आयडलिंगला हेडलॅम्पसकट सगळा खर्च भागवत नाही. बॅटरी हळूहळू उतरते हे गृहीत धरूनच निवड करायची होती. तुमच्याकडे चार्जिंग दणकट असेल तर दुसऱ्या प्रकारात काहीच वावगं नाही.

कॉइलचं गणित मात्र चुकवू नका. दोन्ही पिस्टन एकत्र वर येतात, एक कॉम्प्रेशनला, दुसरा एक्झॉस्टला, आणि हे इग्निशन दोन्ही प्लगना एकदम ठिणगी देतं. एक ठिणगी वाया जाते, बिघडत काही नाही. पण त्यासाठी दोन कॉइल सिरीजमध्ये जोडाव्या लागतात. जुन्या १२ व्होल्टच्या कॉइल प्रत्येकी साधारण साडेतीन ओहमच्या. सिरीजमध्ये सात झाले, करंट अर्धा, ठिणगी मरतुकडी. दोन ६ व्होल्टच्या घ्या, नाहीतर दोन तोंडांची एक. मी दुसरी घेतली, टाकीखाली जागा मोकळी झाली. प्लग कॅप ५ किलोओहमच्या, आतली वायर तांब्याची. रेझिस्टरवाला प्लग आणि रेझिस्टरवाली कॅप दोन्ही एकत्र नकोत.

बसवताना दोन ठिकाणी थांबलो. नव्या इग्निशनच्या रोटरचा बोल्ट लांब निघाला, भोकाच्या तळाला टेकून घट्ट झाल्यासारखा वाटत होता आणि रोटर मात्र हाताने फिरत होता. दोन आटे कापले. दुसरं, ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची. लाल वायर चेसिसला जाते. हे मला माहीत आहे, तोंडपाठ आहे, आणि तरीही काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गाडीवर मी बॉक्स उलटा जोडून क्षणात जाळला होता. या वेळी बॅटरीच्या पट्टीवर लिहून चिकटवलं, मग जोडलं. ठिणगी बघायची तर दोन्ही प्लग हेडला टेकवून ठेवा, मोकळ्या कॅपवर किक मारली तर बॉक्सचा जीव जाऊ शकतो.

पहिल्या किकला काही नाही. दुसरीला उठली. एलईडीवर लावलेलं टायमिंग टायमिंग लाइटखाली एक अंश मागे होतं, प्लेट केसभर सरकवली. खूण आता ३८ वर खिळ्यासारखी उभी राहते. थ्रॉटल सोडला की रेव्ह लगेच खाली. वरच्या वेगात ताकद वाढली का? मला तरी जाणवली नाही, आणि त्यासाठी कुणी हे करू नये.

पॉइंटची प्लेट, नवा ऑटो अ‍ॅडव्हान्स आणि जुन्या दोन कॉइल एका डब्यात तेल लावून ठेवल्या आहेत. रस्त्यात बदलता येणार नाहीत, कॉइलही बदलाव्या लागतील, पण घरी परत मूळ रूप देता येईल.

आता आयडलिंग ९०० वर स्थिर झाल्यापासून डावा अमाल कार्ब्युरेटर रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त देतोय, हे स्वच्छ ऐकू येतंय. इतके दिवस नाचणारं टायमिंग ते झाकत होतं. रविवारी पायलटची (आयडलिंगच्या पेट्रोलची) वाट साफ करायला कार्ब्युरेटर उघडणार.